जिभाऊंचा पैसा अजून वाटला का नाही

लेस्टर, 8 मार्च 2026

तीर्थरूप आबा व तीर्थस्वरूप आई यांना शैलाचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. खोकला गेला, थंडीही उतरणीला लागली. आईने दिलेलं कळण्याचं पीठ अजून पुरवून वापरतेय, रविवारी भरीत-भाकरी ठरलेली. रात्रपाळीचं तुम्हाला ठाऊक आहे.

मंगळवारी जिभाऊंच्या पैशावरून आबा फोनवर म्हणाले, "पैसा तं बँकमा पडेल शे, मंग अडनं कोठे?" मी तडकून बोलले. ते चुकलं, मनावर घेऊ नका. पण मी व्याज खात बसलेय असं आत्याच्या मनात आलंय, हे सोनूने सांगितलं आणि जेवण गेलं नाही. हे पत्र आत्याला वाचून दाखवा.

जिभाऊंनी मृत्युपत्रात मला एक्झिक्युटर, म्हणजे त्यांच्यामागे देणी फेडून वाटणी करणारी, नेमलं. मी त्या पैशाची मालकीण नाही, राखणदार आहे. त्यासाठी वेगळं खातं काढलंय, माझ्या पगाराच्या खात्याशी त्याचा काही संबंध नाही. त्यावर जे व्याज येतं त्यातून 20 टक्के आयकर जाईल आणि उरलेलं तुमच्या नि आत्याच्या वाट्यातच पडेल. फेब्रुवारीत घर विकल्याचे पैसे आले, तेव्हा एवढी रक्कम एकाच ठिकाणी पाहून मला झोप लागेना. इथे बँक बुडाली तर एका बँकेमागे 1,20,000 पौंडांपर्यंत हमी असते (1 डिसेंबर 2025 च्या आधी ती 85,000 होती), म्हणून दोन वेगळ्या बँकांत विभागून ठेवलेत. पेनी-पेनीचा हिशेब वहीत आहे, आत्या म्हणेल तेव्हा फोटो पाठवीन.

आता इथली एक रीत सांगते, मला ती समजायलाच महिना लागला. माणूस गेला की त्याचं नाव आणि राहता पत्ता पेपरात छापतात. 'यांच्याकडून कुणाचं काही येणं असेल तर कळवा' असं जगाला सांगायचं! एक जाहिरात गावच्या पेपरात आणि दुसरी लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात. हे गॅझेट 1665 पासून निघतं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळापासून. मला वाटलं, मेलेल्या माणसाची ही काय शोभा! आपल्याकडे घरातलं देणं चार लोकांत बोलत नाहीत. पण 1925 च्या कायद्यात तसं लिहिलंय. जाहिरात देऊन निदान दोन महिने थांबायचं. त्यानंतर वाटणी केली आणि मागाहून कुणी अनोळखी घेणेकरी उगवला, तर माझ्या घरावर येत नाही. न थांबता वाटलं, तर ते देणं माझ्या खिशातून.

आणि देणं निघालंच. छप्पर दुरुस्त करणाऱ्या माणसाचे 640 पौंड राहिले होते. त्याचं पत्र आल्यावर मी जिभाऊंचा पत्र्याचा डबा पुन्हा उघडला. वर आईने दोन वर्षांपूर्वी पाठवलेले बिबडे, चार-पाचच उरलेले, कागदात नीट गुंडाळलेले. खाली रबर लावलेल्या पावत्या. त्यातच त्या माणसाचं बिल, आणि त्यावर जिभाऊंच्या मोडी वळणाच्या मराठीत 'द्यायचे'. आबा, मी किती वेळ ते बोटाने चाचपत बसले.

आजोबा गेले तेव्हा काय झालं, आठवा. तलाठ्याकडे वारस नोंद लागली, भाऊबंदांनी वाटे उचलले आणि दिवाळीत खताच्या दुकानदाराची उधारीची वही बाहेर आली. तेव्हा तुम्ही एकट्याने बैलजोडी विकली. मी चौथीत होते. ती जोडी बोरी नदीच्या पुलापर्यंत जाताना मी पाहिलीय. म्हणून मी थांबतेय.

दोन महिने याच महिन्याच्या अखेरीस भरतील. पण प्रोबेट, म्हणजे कोर्टाची परवानगी, जानेवारीच्या मध्यात आली. त्या तारखेपासून सहा महिने, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत, जिभाऊंवर अवलंबून असलेलं कुणी कोर्टात हक्क सांगू शकतं. तसं कुणी नाही हे मलाही माहीत आहे, तरी तेवढं थांबते. माणूस गेल्यापासून एक वर्ष एक्झिक्युटरवर वाटणीची सक्तीही नसते, म्हणजे पोळ्यापर्यंत. तोवर नक्की होईल.

अर्धे सरकार नेईल असं पारावर कुणी म्हणालं म्हणे. तसं काही नाही. इथे 3,25,000 पौंडांच्या वर 40 टक्के वारसा कर लागतो, जिभाऊंचं सगळं मिळून त्याच्या आत आहे. आणि आपल्याकडचा तसाच कर, इस्टेट ड्युटी, 1985 सालीच बंद झाला.

आता सोनूचं लग्न. अधिक ज्येष्ठ 17 मेला लागतो, त्याआधी उरकायचं, हे बरोबरच. तुम्ही म्हणालात, वाट्यातले थोडे आधी दे. वकील म्हणाले देता येतील, जोखीम माझी. पण तुम्हाला आधी आणि आत्याला नंतर, असं मी करणार नाही, आणि तुम्हीही मागू नका. मी माझ्या साठवलेल्यातले अडीच हजार पौंड आबांच्या खात्यावर टाकलेत. ते सोनूसाठी आहेत, परत द्यायचे नाहीत. मंडप आणि पंगत त्यात नीट होईल, मांडे मात्र खापरावरचेच करा.

ते तिकिटासाठी ठेवले होते, त्यामुळे लग्नाला येणं यंदा जमणार नाही. सोनूला मी सांगितलंय, ती रडली, मग हसली. पाहुणे माझ्या लग्नाचं विचारतील तर सांगा, शैला जिभाऊंचं काम करतेय.

अस्थींचा तांब्या माझ्या कपाटावर, देवाच्या फोटोशेजारी आहे. टपालाने पाठवणार नाही. पोळा झाला की मीच आणीन, तापीवर आबांसोबतच जाऊ. आई, तोवर बिबडे करून ठेव.

तुमची,
शैला