डीपीएफच्या (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) उष्णतेने जळालेल्या जनरेटर ट्रॉलीबाबत तक्रार

लालबाग, मुंबई ४०००१२

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: रिजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळून टाकण्याची क्रिया) चालू असताना पिकअपच्या सायलेन्सरमधून आलेल्या उष्णतेने मागच्या ट्रॉलीचे झालेले नुकसान आणि त्यावर सर्व्हिस सेंटरने दिलेले उत्तर

महोदय,

माझा जनरेटर भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. लग्नाचे हॉल, शूटिंग आणि गणपती-नवरात्रीचे मंडप यांवर आमचे वर्ष चालते. ट्रॉलीवर बसवलेला साउंडप्रूफ जनरेटर आपल्या बीएस-६ (प्रदूषणाच्या सरकारी मानकाच्या) डिझेल पिकअपला जोडून आम्ही मुंबईभर नेतो. पिकअप घेतानाच शोरूममध्ये सांगितले होते की ही गाडी ट्रॉली ओढायला लागणार आहे. मागचा हूक आपल्याच अधिकृत विक्रेत्याने आपल्याच ॲक्सेसरीच्या यादीतून बसवून दिला आणि त्याची नोंद बिलावर आहे. सुरुवातीलाच हे लिहितो, कारण "ट्रॉली ही बाहेरची वस्तू, तिच्याशी कंपनीचा संबंध नाही" असे मला नंतर ऐकवण्यात आले.

भर पावसाळ्यातली संध्याकाळ होती. लालबागहून मुलुंडला एका हॉलवर जनरेटर पोचवायचा होता. कुर्ल्यापासूनच एलबीएस मार्ग तुंबलेला. पहिल्या गिअरमध्ये चार हात पुढे जायचे आणि पुन्हा थांबायचे, असे घाटकोपर ओलांडले. विक्रोळीच्या आसपास शेजारच्या रिक्षावाल्याने हात बाहेर काढून ओरडून सांगितले, "भाऊ, मागे काहीतरी जळतंय!" आमच्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली तेव्हा ट्रॉलीच्या पुढच्या ट्रेमध्ये गुंडाळून ठेवलेल्या केबलमधून धूर येत होता. सायलेन्सरचे तोंड बरोबर त्या ट्रेकडे आहे आणि दोघांमध्ये हातभर अंतर आहे. केबलचे वरचे वेढे वितळून एकमेकांना चिकटले होते, कॅनोपीच्या (जनरेटरभोवतीच्या पेटीच्या) पुढच्या पत्र्याचा रंग फुगला होता आणि आत आवाज दाबण्यासाठी लावलेला फोम काळा पडून सुटला होता. डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता, कसलाही संदेश नव्हता.

दुसऱ्या दिवशी वायरमनने केबलचा मेगर घेतला, म्हणजे इन्सुलेशन शाबूत आहे का ते यंत्राने तपासले. जिथे वेढे बाहेरून नुसते चकचकीत दिसत होते, तिथेही दोन फेजमधले इन्सुलेशन गेलेले निघाले. साध्या पीव्हीसी केबलचे इन्सुलेशन ७० अंश सेल्सिअसपर्यंत कायम चालेल या हिशेबाने बनवलेले असते. त्याच्या कितीतरी वर तापलेला वायू तिच्यावर सतत येत राहिला, तर दुसरे काय होणार? मला राहून राहून भीती वाटते ती याची, की ड्रायव्हरला वेळेत कळले नसते आणि वेढे थोडे कमी वितळले असते, तर हीच केबल काही दिवसांनी एखाद्या गणपतीच्या मंडपात, ओल्या जमिनीवरून, कापडामागून आणि बांबूंना बांधून टाकली गेली असती. रांगेत लहान मुले असतात, म्हाताऱ्या बायका अनवाणी उभ्या असतात. नुकसानभरपाईपेक्षाही या एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहीत आहे.

ट्रॉलीच्या तळाला डिझेलची टाकी आहे. तिच्याकडून इंजिनाला जाणारी रबरी नळी पुढच्या बाजूने कडक होऊन तडकली आहे. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते) किमान ३५ अंश असला की चालतो. तडकलेली नळी झिरपू लागली असती आणि तिच्यावर हा झोत असता, तर काय झाले असते हे आपल्या अभियंत्यांना मी सांगायला नको.

सर्व्हिस सेंटरने गाडी स्कॅनरला लावली आणि सांगितले की गाडीत बिघाड नाही, रिजनरेशन नीट पूर्ण झाले आहे, सिस्टीम नॉर्मल आहे. त्यांचे हे म्हणणे मला मान्य आहे आणि माझी तक्रार नेमकी तिथूनच सुरू होते. गाडीने जे करायचे तेच केले असेल, तर ते मागे जोडलेल्या ट्रॉलीला जाळणारे आहे. हूक विकताना कंपनीला हे माहीत असणे भाग होते.

मी यातला इंजिनिअर नाही, पण डिझेल इंजिनांमध्येच माझे आयुष्य गेले आहे. म्हणून मला समजले तसे लिहितो. डीपीएफमध्ये काजळी साठते. हायवेवर गाडी पळत असली की ती बऱ्याच अंशी आपोआप जळते. शहरात रांगत चालणाऱ्या गाडीचा धूर तेवढा तापतच नाही. मग गाडीचा कॉम्प्युटर स्वतःहून रिजनरेशन सुरू करतो: सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचे डिझेल सोडतो, ते पुढे सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिस्टमध्ये जळते आणि फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवून काजळी जाळून टाकतो. पाइपच्या टोकाशी येईपर्यंत वायू थोडा निवतो, पण रोजच्या धुरापेक्षा तो कितीतरी गरम असतो. गाडी चालती असेल तर वाऱ्यात मिसळून जातो. थांबलेल्या गाडीमागे मात्र तो ट्रॉली आणि बंपर यांच्यामध्येच कोंडतो. त्यातच रिजनरेशन ऐन भरात असताना गाडी थांबून इंजिन आयडलवर (नुसते चालू) आले, तर फिल्टरमधली उष्णता वाहून न्यायला प्रवाह कमी पडतो आणि फिल्टर आणखी तापतो. म्हणजे ज्या वाहतुकीत हे रिजनरेशन सर्वांत जास्त लागते, त्याच वाहतुकीत ते ट्रॉलीला सर्वांत घातक ठरते. मुंबईत गाडी विकणाऱ्याला मुंबईची वाहतूक कशी असते हे ठाऊक असतेच.

आणखी एक गोष्ट आहे. पूर्वीच्या गाड्यांचा काळा धूर आरशात दिसायचा. डीपीएफमधून आलेला वायू स्वच्छ असतो, डोळ्यांना दिसतच नाही. ड्रायव्हरला कळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे डॅशबोर्ड. आपल्या गाडीत फिल्टर तुंबल्यावर दिवा लागतो, पण रिजनरेशन चालू असताना लागत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रकांमध्ये सायलेन्सर जास्त तापल्याचा वेगळा दिवा असतो, हे आपल्या लोकांना नक्कीच माहीत असेल. आपल्या मॅन्युअलमध्ये गरम सायलेन्सर असताना सुक्या गवतावर गाडी उभी करू नका असे एक वाक्य आहे. ट्रॉली जोडण्याच्या प्रकरणात उष्णतेचा एक शब्दही नाही.

सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्सच्या नियम ११२ प्रमाणे धूर खाली किंवा डावीकडे सोडता येत नाही. तो उजवीकडे किंवा मागे सोडता येतो. म्हणजे हूक बसवलेल्या गाडीचे टोक उजवीकडे वळवायला कायद्याची आडकाठी नाही. बाहेरची थंड हवा ओढून धुरात मिसळणारी टोकेही असतात. दोन्हींपैकी काहीही हूक बसवतानाच करता आले असते.

गॅरेजमधल्या एकाने मला सोपा उपाय सुचवला: डीपीएफ काढून टाक, आत रिकामा पाइप घाल, प्रोग्रॅम बदलून देतो. मी ते करणार नाही. ते बेकायदा आहेच, पण मी गिरण्यांच्या धुराखाली राहिलेल्या घरातला आहे. ही काजळी कुणाच्या छातीत जाते हे मी जवळून पाहिले आहे. फिल्टर राहिलाच पाहिजे. पण कंपनीने ही बाजू नीट सांभाळली नाही, तर माझ्यासारखे कितीतरी जण त्या गॅरेजवाल्याचे ऐकतील, आणि मग बीएस-६ चा उपयोग काय?

सध्या मी स्वतःच्या खर्चाने ट्रॉलीच्या पुढे पत्र्याचा आडोसा लावला आहे, मागे मोकळी जागा ठेवून. केबलचा ट्रे मागच्या टोकाला नेला आहे. त्यामुळे ट्रॉलीचा तोल बिघडून हूकवरचा भार कमी झाला आहे आणि वेगात ती डोलते. तेव्हा हा कायमचा उपाय नाही.

माझे म्हणणे असे. जळालेली केबल, फोम, नळी आणि कॅनोपीचे काम यांची बिले जोडली आहेत, ती रक्कम मला मिळावी. माझ्या गाडीचे सायलेन्सरचे टोक कंपनीने बदलून द्यावे, आणि ज्यांना ज्यांना आपण हा हूक विकला आहे त्यांना बोलावून त्यांचेही बदलावे. मला हे दुसरे पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते. रिजनरेशन चालू असल्याचा दिवा आणि ते थोडा वेळ थांबवण्याची सोय द्यावी, म्हणजे ड्रायव्हर ट्रॉली सोडून मोकळ्या रस्त्यावर ते पूर्ण करून घेईल. आणि हा इशारा मॅन्युअलमध्ये मराठीत छापावा. गाडी चालवणारे आमचे पोरगे इंग्रजी मॅन्युअल उघडत नाहीत, पण मराठीत दोन ओळी दरवाजाच्या आत चिकटवल्या तर रोज वाचतील.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे रचनेतला दोष आणि योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणे, या दोन्हींसाठी उत्पादक जबाबदार असतो. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्याच कायद्यात व्यापारी वापरातून वगळली आहे. तेव्हा मी ग्राहक नाही हे उत्तर कृपया देऊ नये. सर्व्हिस सेंटरमध्ये ते एकदा ऐकून झाले आहे.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते आले नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. जळालेली केबल आणि नळी मी फेकलेली नाही, ट्रॉलीचा पुढचा पत्राही काढून जपून ठेवला आहे. आपल्या अभियंत्याला पाठवा. सकाळी दहाच्या आत गाडी आणि ट्रॉली दोन्ही गाळ्यावरच असतात. त्यांनी येताना तापमान मोजायचे यंत्र आणावे आणि सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवरून गाडी जागेवर उभी करून रिजनरेशन सुरू करावे. ट्रॉली जोडून, माझ्यासमोर.

आपला,
जनरेटर व्यावसायिक, लालबाग

सोबत: गाडी व हूकचे बिल, सर्व्हिस सेंटरचे जॉब कार्ड, मेगर चाचणीची नोंद, दुरुस्तीची बिले, फोटो