रंकाळ्यावर चहा घेतला, पण घरी आलो नाही

आई, बाबा,

फोन केला असता तर बाबांनी "बरं बरं" म्हणत आईकडं दिला असता आणि आई गप्प बसली असती, म्हणून लिहितोय. गेल्या शनिवारी आम्ही मालवणला गेलो. कोल्हापूरवरूनच. पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर चहा घेतला आणि तसाच फोंडा घाटाचा रस्ता धरला. घर सात मिनिटांवर. आलो असतो तर आधी पोहे, मग जेवूनच जा, मग दुपार, आणि बाबांची झोप मोडली असती ती वेगळीच, असं मनाला सांगितलं खरं, पण चहा काय गोड लागला नाही.

संध्याकाळी तिथं बंदरावर माशांचा लिलाव लागतो. एका मावशीनं बांगड्याचा कल्ला उचलून लालभडक आतलं दाखवलं आणि मला बाबाच दिसले. आजीसाठी मासे घेताना असंच शिकवायचात, मी नाक दाबून उभा. मासा म्हणजे आजाऱ्याचं खाणं म्हणता ना, तिरफळ घातलेलं तिखलं खा एकदा, मग बोला.

तर, डिसेंबरात तुम्हाला नेतोय. तीन रात्री, चिवला बीचजवळ, पैसे भरलेत. तळमजला आहे, कमोड आहे (बसून बघितलाय), नळाला गरम पाणी येतं. शुक्रवारी आईला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार, मालकीणबाईंना सांगून ठेवलंय. रापण लागली तर सकाळी नुसतं वाळूत बसून बघायचं, दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढत मागं मागं सरकतात, जाळं किनाऱ्याला टेकलं की आत चांदीसारखं नुसतं तडफडत असतं.

सिंधुदुर्ग होडीनंच. १६९५ साली राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आत आहे, बाबांना ते बघायचंच असणार. पण होडीतून उतरताना माझा हात धरायचा, "जमतंय मला" चालणार नाही. गुडघा दुखला तर किनाऱ्यावरनंच नमस्कार करा, मी काय रागावणार नाही.

बीपीच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या. घाटात आईनं पुढं बसायचं, आवळासुपारी मी आणतो. आणि बाबा, राधानगरी आली की तो विषय काढायचा नाही.

आई, डबा भरून आणू नकोस, तिथं सगळं मिळतं.

धपाटे आणलेस तर चालतील.

तुमचा,
बाळू