डियरबॉर्नच्या महापौरांना खुले पत्र: शस्त्रागाराचा चौक जमिनीवर दिसू द्या

मा. महापौर,
डियरबॉर्न, मिशिगन

स.न.वि.वि.

मिशिगन अव्हेन्यूवरच्या कमांडंट्स क्वार्टर्सबद्दल, म्हणजे इथल्या जुन्या लष्करी शस्त्रागाराच्या प्रमुखाच्या घराबद्दल लिहितो आहे. पत्र मराठीत आहे, कारण मोटार उद्योगात नोकरीला आलेली आमची मंडळी त्या विटांच्या घरावरून रोज जातात आणि एखाद्या जुन्या सावकाराचं घर समजून पुढे निघतात. मीही कित्येक वर्षं तेच केलं. इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे देतोच आहे.

या शस्त्रागाराचं काम सुरू झालं 1833 मध्ये, तेव्हा मिशिगन राज्यसुद्धा नव्हतं. डेट्रॉइटहून शिकागोकडे जाणाऱ्या रस्त्यावर लष्कराने शस्त्रागार वसवलं: 11 इमारती आणि भिंतीने बंदिस्त चौक, एकेक बाजू 360 फुटांची. इथे शस्त्रं साठवायची, दुरुस्त करायची, पलटणींना पुरवायची. यादवी युद्धातही ते चालू होतं. 1875 मध्ये लष्कराने ते बंद केलं. कमांडंट म्हणजे आमच्याकडचा किल्लेदार. त्याचा वाडा तेवढा टिकला.

आणि टिकलं ते ब्रेडी स्ट्रीटवरचं 1839 चं दारूकोठार. स्फोट झालाच तर बाकीचं वाचावं म्हणून ते चौकापासून सुमारे 950 फूट दूर बांधलं. किल्ले पायाखाली घातलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे 1883 मध्ये एका कुटुंबाने त्या कोठाराचंच राहतं घर केलं. जिथे ठिणगीची धास्ती, तिथे चूल पेटली! मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात जवळची वाटते.

दोन्ही वास्तू शहराच्या संग्रहालयाने जपल्या, त्याबद्दल मनापासून आभार. पण मागच्या शनिवारी मुलीला घेऊन वाड्यापासून कोठारापर्यंत चालत गेलो. वाटेत तिने विचारलं, "बाबा, आपण आता भिंतीच्या आत आहोत की बाहेर?" मला सांगता आलं नाही.

म्हणून विनंती एवढीच. त्या भिंतीची रेघ पदपथावर वेगळ्या रंगाच्या विटांनी आखून द्या, जिथे रस्ता आणि इमारती आड येत नाहीत तिथे तरी. वाड्यापासून कोठारापर्यंतची वाटही तशीच दाखवा. याच गावात हेन्री फोर्ड यांनी ठिकठिकाणची जुनी घरं हलवून आणून ग्रीनफिल्ड व्हिलेज उभं केलं. हा वाडा मात्र बांधला तिथेच उभा आहे. पदपथांच्या दुरुस्तीचं पुढचं काम निघेल, त्यातच हे बसवता येईल. आखणीच्या दिवशी दोरी धरायला मी आणि माझी मुलगी येऊ.

आपला,
एक मराठी डियरबॉर्नकर