साठवणीच्या पाककृतीसोबत तिचे कारणही छापावे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपापल्या भागात हंगामात मुबलक येणारी भाजी आणि फळे घरी साठवण्याच्या पाककृती वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वरचेवर छापून येतात आणि आवडीने वाचल्या जातात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्यांपैकी अनेकींत ‘चवीपुरते मीठ’, ‘अंदाजाने लिंबाचा रस’ असे मोघम लिहिलेले असते. रोजच्या भाजीला ते चालते; महिनोन्‌महिने बरणीत राहणाऱ्या पदार्थाला चालत नाही, कारण तिथे मीठ, साखर आणि आंबटपणा चवीसाठी कमी आणि पदार्थ टिकावा म्हणून अधिक असतात. म्हणून अशा प्रत्येक पाककृतीसोबत नेमके प्रमाण आणि पदार्थ का टिकतो याचे दोन ओळींचे कारण छापावे, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अन्न नासते ते मुख्यतः त्यातल्या पाण्यावर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आणि भाजीतल्याच विकरांमुळे (एन्झाइममुळे, म्हणजे तिच्यात रासायनिक बदल घडवणाऱ्या द्रव्यांमुळे). वाळवताना आपण ते पाणी काढून टाकतो, मीठ किंवा साखर घालून ते बांधून ठेवतो, तर आंबवताना भाजीवरचेच काही जिवाणू आम्ल तयार करून नासवणाऱ्या जिवाणूंना थारा देत नाहीत. हे एकदा उमगले की प्रमाणाचा अर्थ लागतो. भाजी आंबवताना तिच्या वजनाच्या साधारण २ ते ३ टक्के मीठ लागते आणि भाजी सतत खाऱ्या पाण्याखाली बुडालेली राहावी लागते. बुरशी धरते ती वर तरंगणाऱ्या तुकड्यावर. मटाराचे दाणे गोठवण्याआधी दीडेक मिनिट उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात टाकतात, कारण थंडीने विकर मंदावतात, नष्ट होत नाहीत, आणि ही पायरी गाळली तर उणे १८ अंश सेल्सियसलाही दाण्यांचा रंग आणि चव हळूहळू उतरते.

कमी आंबट भाज्यांच्या बाबतीत तर मोघमपणा जिवावर बेतू शकतो. शेंगा, मका, मटार, कंद अशा भाज्या हवाबंद बरणीत भरल्या की ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ या जिवाणूला हवी तशी ऑक्सिजनविरहित जागा मिळते. त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातले त्याचे सुप्त रूप, उकळत्या पाण्यातही तासन्‌तास तग धरतात. त्यांचा नायनाट करायला दाबाखालची सुमारे १२१ अंश सेल्सियसची उष्णता लागते. या जिवाणूने तयार केलेले विष वासावरून किंवा रंगावरून ओळखता येईलच असे नाही. पदार्थाचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; तो जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर मात्र हा जिवाणू वाढू शकत नाही, आणि म्हणूनच पाककृतीतला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आपल्या आवडीप्रमाणे कमी करायचा नसतो. टोमॅटोचा सामू या सीमेच्या अगदी लगत असतो आणि वाणागणिक थोडा बदलतो, त्यामुळे तोही बरणीबंद करताना वरून आम्ल घालावे लागते. तेलात बुडवलेला कच्चा लसूण फ्रीजबाहेर ठेवणे याच कारणाने धोक्याचे आहे. फ्रान्सच्या निकोला आपेर यांनी बाटलीबंद अन्न उकळून टिकवण्याची पद्धत १८१० मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ती का लागू पडते हे कोणालाच सांगता येत नव्हते. लुई पाश्चर यांच्या प्रयोगांतून तो उलगडा व्हायला अर्धे शतक गेले. आज कारण हाताशी असताना ते वाचकाला न सांगणे मला पटत नाही.

प्रमाण आणि कारण लिहिलेले असले की हे काम घरात वाटूनही घेता येते. एरवी साठवणीचा सारा भार एकाच बाईवर पडतो, कारण ‘अंदाज’ फक्त तिलाच असतो, आणि बाकीची मंडळी बरणी उघडायला तेवढी येतात. वाळवलेल्या फळांच्या चकत्या काचेच्या बरणीत थोडी जागा मोकळी राहील इतक्याच भरून आठवडाभर रोज हलवायच्या आणि काचेला आतून दव धरते का ते पाहायचे. थेंब दिसला तर चकत्या पुन्हा वाळवायच्या. हे काम आठ-नऊ वर्षांचे मूल मोठ्यांपेक्षा चिकाटीने करते, आणि जिच्यावर त्याने स्वतः तारीख घातली आहे ती बरणी संपवायचा आग्रहही तेच धरते.

संपवणेही तितकेच महत्त्वाचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले सुमारे ६० टक्के घराघरांतले होते. हौसेने भरलेली आणि फडताळात मागे सरकत गेलेली बरणी या नासाडीतच जमा होते. ताजे मिळते आहे तोवर ताजेच खावे, कारण वाळवताना क जीवनसत्त्व बरेच घटते, आणि घरातली माणसे पुढच्या हंगामापर्यंत जेवढे खातील तेवढेच साठवावे. खारवलेल्या पदार्थांचे वाढप लहान असावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे.

तेव्हा आपल्या पुरवणीतील साठवणीच्या पाककृतींत मीठ, साखर आणि आम्ल वजनी मापात द्यावे, पदार्थ कुठे आणि किती दिवस ठेवायचा हे सांगावे, आणि ज्या पाककृतीचा आंबटपणा तपासलेला नाही तिच्या खालीच ‘फ्रीजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवावे’ अशी ठळक सूचना छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक