नवे घर लावण्यापूर्वी : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची चित्रे मिळाली. नव्या घराचा ताबा मिळाल्याचा आनंद ओळीओळीतून जाणवला. इतकी वर्षे भाड्याच्या घरांत दुसऱ्यांनी ठोकलेल्या खिळ्यांवरच आपल्या तसबिरी लावत आलेल्या माणसाला स्वतःच्या भिंतीचा रंग ठरवायला मिळणे म्हणजे काय, हे मी समजू शकतो. दिवाणखान्याच्या मोठ्या भिंतीला कोणता रंग द्यावा, फॉल्स सीलिंग करावे की नाही आणि स्वयंपाकघर उघडे ठेवावे की बंद, असे तीन प्रश्न तू विचारले आहेस. तिन्हींची उत्तरे पुढे आहेतच. पण ती उत्तरे मी ज्या वाटेने देतो, ती वाट मला लोकांची घरे लावून देण्याच्या वीस वर्षांच्या कामाने जितकी दाखवली, त्याहून अधिक माझ्याच घरात माझ्याच हातून झालेल्या एका चुकीने दाखवली. ती चूक आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी आमचा दिवाणखाना नव्याने केला, हे तुला आठवत असेल. गुळगुळीत दगडी फरशी, एक अख्खी बाजू काचेची, भिंती कोऱ्या, आणि सोफ्याखेरीज खोलीत कापड म्हणून नाही. आलेला प्रत्येक जण कौतुक करून जात असे. त्याच सुमारास वडिलांचे दिवाणखान्यात बसणे हळूहळू कमी झाले. ते तेव्हा श्रवणयंत्र वापरू लागले होते. आम्ही चार-पाच जण बोलायला बसलो की ते थोडा वेळ सर्वांच्या तोंडांकडे पाहत, मग उठून आपल्या खोलीत जात. वय झाले, आता त्यांना एकांत हवासा वाटतो, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली, आणि जवळजवळ एक वर्ष आम्ही त्या समजुतीवर काढले.

एके संध्याकाळी त्यांच्या खोलीत बसून बोलताना माझ्या लक्षात आले की मी आवाज जराही चढवलेला नाही आणि त्यांना माझा प्रत्येक शब्द नीट कळतो आहे. त्या खोलीत जाड पडदे होते, कापसाची गादी होती, दोन भिंतींना पुस्तकांची उघडी कपाटे होती. कान तेच होते. बदलली होती ती खोली.

या गोष्टीमागचे शास्त्र शंभरहून अधिक वर्षे जुने आहे आणि मला ते ठाऊक होते, म्हणून तर ती चूक मला अधिक बोचते. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठात नव्याने बांधलेल्या एका व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणालाच कळेना, तेव्हा वॅलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे तो दोष दूर करण्याचे काम सोपवले गेले. बोललेला शब्द तिथे सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. म्हणजे वक्त्याचे पुढचे कितीतरी शब्द मागच्या शब्दांच्या अंगावर येऊन पडत. सॅबिनने रात्री-रात्री दुसऱ्या सभागृहातील आसनांच्या गाद्या उचलून तिथे आणल्या, किती गाद्या ठेवल्या की घुमणे किती कमी होते हे मोजले, आणि त्यातून एक साधे सूत्र हाती लागले : खोलीचे आकारमान जितके मोठे आणि आवाज शोषून घेणारे पृष्ठभाग जितके कमी, तितका आवाज अधिक काळ रेंगाळतो. दगड, काच आणि गिलावा आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत फेकतात. जाड कापड, गालिचा, गादी तो गिळतात. तरुण कान घुमणाऱ्या आवाजातूनही शब्द वेचून घेतो. श्रवणयंत्र मात्र शब्दाबरोबर त्याचा प्रतिध्वनीही मोठा करून कानात सोडते, आणि अशा गोंगाटात पहिली बुडतात ती व्यंजने, ज्यांच्यावाचून एक शब्द दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही.

आम्ही दिवाणखान्यात मोठा गालिचा आणला, काचेवर अस्तराचे जाड पडदे लावले आणि सर्वांत लांब भिंत पुस्तकांच्या कपाटाने भरून टाकली. पंधरा दिवसांच्या आत वडील संध्याकाळी पुन्हा आमच्यात येऊन बसू लागले आणि शेवटपर्यंत बसत राहिले. मधले ते एक वर्ष मात्र माझ्याकडून गेले ते गेलेच.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : रंगाआधी रिकाम्या दिवाणखान्याच्या मध्यभागी उभा राहून एक टाळी वाजव आणि ऐक. टाळीमागून खणखणीत शेपूट ऐकू आले, तर त्या मोठ्या भिंतीला रंगापेक्षा पुस्तके, जाड विणीचे कापड किंवा तसेच काही मऊ, खडबडीत लागेल. काकूंनाही आता थोडे कमी ऐकू येते, असे तूच मागे लिहिले होतेस. रंगाचे बोलायचे तर खिडकीसमोरची भिंत फिकट ठेव, कारण आत आलेला उजेड तीच खोलीच्या पोटात परतवते. आणि जिच्यात खिडकी आहे ती भिंतही गडद करू नकोस, नाहीतर प्रखर खिडकी आणि काळोखी भिंत यांच्यातील तफावतीने डोळे शिणतात. रंगपत्रिकेवरच्या बोटभर चौकोनावरून निर्णय घेऊ नकोस. एका मोठ्या फळीला रंग देऊन ती दोन-तीन दिवस वेगवेगळ्या भिंतींशी टेकवून ठेव, आणि सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात पाहा.

तुझ्या आराखड्यात मला सर्वांत जास्त खटकले ते मात्र भलतेच आहे. तू सगळ्या बैठका भिंतीला लावून एका ओळीत मांडल्या आहेस आणि सर्वांची तोंडे टीव्हीकडे आहेत. 1950च्या दशकात कॅनडातील सस्कॅचवान प्रांतातल्या एका मनोरुग्णालयात हम्फ्री ऑस्मंड हे मनोविकारतज्ज्ञ आणि रॉबर्ट सॉमर हे मानसशास्त्रज्ञ यांना अगदी हीच गोष्ट खटकली होती. वृद्ध स्त्रियांचा तो कक्ष नव्याने सजवलेला होता, उजळ होता, खुर्च्याही नव्या होत्या; पण त्या भिंतींशी ओळीने लावलेल्या असल्यामुळे बायका दिवसभर शेजारीशेजारी बसूनही एकमेकींशी बोलत नसत. सॉमर यांनी कक्षाच्या मध्यात लहान चौकोनी टेबले मांडली आणि त्यांच्याभोवती खुर्च्या ठेवल्या. सुरुवातीला त्या स्त्रियांना हा बदल मुळीच रुचला नाही, जी ती आपली जुनी जागा शोधत राहिली. काही आठवड्यांनी मोजदाद केली, तेव्हा संभाषणे जवळजवळ दुपटीने वाढलेली आढळली. माणसे तीच होती. बोलायला वाकावे किंवा मान वळवावी लागली की माणूस छोटी गोष्ट बोलायची टाळतो, आणि घरातले बहुतेक बोलणे छोट्या गोष्टींचेच असते. तेव्हा निदान दोन बैठका एकमेकींशी काटकोनात ठेव. समोरासमोर बसणे थोडे मुलाखतीसारखे वाटते, काटकोनात बोलताही येते आणि नुसते गप्पही बसता येते. चालण्याची वाट नव्वद सेंटिमीटरच्या आसपास ठेव आणि ती बोलणाऱ्यांच्या मधून जाऊ देऊ नकोस.

आता स्वयंपाकघर. या विषयावर मी थांबणे कठीण आहे, हे तू जाणतोस. 1926 साली फ्रँकफर्ट शहरातील नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने एक स्वयंपाकघर आखले. रुंदी सुमारे 1.9 मीटर आणि लांबी सुमारे 3.4 मीटर, बस्स. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळी स्वयंपाकघरे तिने डोळ्यांसमोर ठेवली होती. काम करणारी बाई कुठून कुठे किती पावले चालते याचा हिशेब करून तिने ओटा, मोरी, शेगडी आणि कपाटे यांच्या जागा ठरवल्या. बसून काम करता यावे म्हणून स्टूल दिले, कोरडे जिन्नस हाताशी राहावेत म्हणून धातूचे लहान लहान खण दिले. सुमारे दहा हजार घरांत ते बसवले गेले, आणि आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याचे मूळ पुष्कळ अंशी तिथे आहे.

त्या रचनेने रोजची किती पावले वाचवली असतील! पण पुढे तिच्यावर जो आक्षेप घेतला गेला, तोही मला तितकाच खरा वाटतो. ती जागा एकाच माणसाच्या मापाची होती. मदतीला दुसरे कोणी आत आले तर दोघांची अडचण होई, आणि म्हणून बहुधा कोणी येतच नसे. आत काम करणारी बाई एकटी पडे. एका खोलीच्या रुंदीने घरातले काम कोणी करायचे हेच ठरवून टाकले. हे लक्षात आल्यापासून मी कोणत्याही घराचे स्वयंपाकघर आखताना पहिला प्रश्न हाच विचारतो की इथे एका वेळी किती जण उभे राहणार आहेत. तुम्ही दोघे मिळून काम करता आणि काकूही मधूनमधून हातभार लावतात, तर समोरासमोरच्या ओट्यांमध्ये एकशेवीस सेंटिमीटर तरी जागा सोड, म्हणजे एकाच्या पाठीमागून दुसऱ्याला जाता येईल. उघडे की बंद या प्रश्नाचे उत्तर खुद्द त्या फ्रँकफर्टच्या घरातच आहे : तिथे बैठकीच्या खोलीच्या बाजूला सरकते दार होते, ते उघडे ठेवले की पलीकडे खेळणारी मुले दिसत. तूही काचेचे सरकते दार कर. फोडणीचा धूर आणि भांड्यांचा आवाज अडवायचा असेल तेव्हा ते लावून घेता येईल, आणि एरवी आतल्या माणसाला बाहेरचे हसू ऐकू येईल.

ओट्याची उंची सुतार किंवा कंपनी सांगेल ती डोळे मिटून मान्य करू नकोस. साधारण पंच्याऐंशी ते नव्वद सेंटिमीटरचे माप चालत आले आहे. पण ते कोणाचे माप? उभ्या माणसाच्या कोपरापासून दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली ओटा असला, तर खांदे उचलावे लागत नाहीत आणि कंबरेतही वाकावे लागत नाही. वहिनी उंच आहेत आणि काकू ठेंगण्या. ओट्याचा एक तुकडा खाली घेऊन त्याखाली पाय जातील अशी मोकळी जागा ठेवली, तर काकूंना बसून निवडता-चिरता येईल, आणि संध्याकाळी तुझी मुलगी अभ्यासाची वही घेऊन नेमकी तिथेच येऊन बसेल. तिच्या खोलीत स्वतंत्र टेबल असूनही ती आता जेवणाच्या टेबलावर अभ्यास करते, अशी तू तक्रार केली आहेस. मला ती तक्रारीची गोष्ट वाटत नाही. तिला आपल्या माणसांचा वावर ऐकत अभ्यास करायचा आहे, आणि नव्या घरात त्यासाठी एक जागा आपण मुद्दाम करू शकतो.

छताविषयी लिहिताना मला फिनलंडमधील पाइमिओ येथील क्षयरुग्णालय आठवते. आल्व्हार आल्टो यांनी आखलेली ती इमारत 1933 साली पूर्ण झाली. साधारणतः खोली उभ्या माणसासाठी आखली जाते, आणि इथला रुग्ण तर महिनोन्महिने आडवा असणार, हे मनात धरून त्यांनी छताला डोळ्यांना निववणारा गडद रंग दिला, दिवे रुग्णाच्या नजरेच्या रेषेबाहेर ठेवले आणि पाणी पडल्याचा आवाज होऊ नये अशा उताराची हात धुण्याची भांडी घडवली. आपल्याकडे शयनगृहाच्या फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेले दिवे नेमके उशीवर, म्हणजे पडलेल्याच्या डोळ्यांत प्रकाश ओततात. शिवाय खोलीची उंची दहा-पंधरा सेंटिमीटरने कमी होते. माझे मत विचारशील तर फॉल्स सीलिंग करूच नकोस. त्या पैशांत विजेचे पॉइंट वाढव आणि छताऐवजी भिंतीवर, कपाटाखाली, खुर्चीशेजारी असे लहान लहान दिवे लाव, प्रत्येकाचे बटण वेगळे. वाचण्याच्या जागी उजेड भरपूर हवा. बाकी खोली त्या वेळी मंद राहिली तरी चालते. डोळ्याच्या पडद्यात दिसण्याच्या कामाखेरीज शरीराला दिवस-रात्रीचा अंदाज देणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, आणि त्या निळसर प्रकाशाने विशेष जाग्या होतात, हे या शतकाच्या सुरुवातीला स्पष्ट झाले आहे. म्हणून जिथे संध्याकाळनंतर बसता-झोपता, तिथे 2700 केल्विनचे (केल्विन हे दिव्याच्या रंगछटेचे माप) पिवळसर दिवे घे. 4000च्या पुढचे पांढरे दिवे ओट्यावर आणि कामाच्या टेबलावर ठीक आहेत. दिवसा मात्र काकूंची खुर्ची खिडकीपासून हातभर अंतरावर असू दे, कारण खोली आतपर्यंत तितकीच उजळ आहे असे डोळ्यांना वाटले, तरी खिडकीपासून चार पावले आत सरकले की उजेड झपाट्याने उतरतो.

कपाटांबद्दल एवढेच, की वस्तू जिथे आपोआप साचतात तिथेच त्यांची जागा कर. किल्ल्या, चष्मे, दप्तरे यांना शिस्त लावता येत नाही, खण लावता येतो. आणि प्लायवुड कमी फॉर्मल्डिहाइड (त्यातल्या डिंकातून सुटणारा, डोळे-घसा चुरचुरवणारा वायू) सोडणारे मागून घे, काम संपल्यावर काही दिवस खिडक्या सताड उघड्या ठेव, मगच राहायला जा.

आता तुझ्याकडून मला काय हवे ते लिहितो. जुने घर सोडण्यापूर्वी एक आठवडाभर वही ठेव : कोण कोणत्या वेळी कुठे बसते, कोणती खुर्ची कोणी आणि का ओढून नेली, रात्री पाणी प्यायला उठणारा माणूस अंधारात कशाला अडखळतो, आणि घरातली कोणती जागा कोणीच वापरत नाही. नव्या घराच्या प्रत्येक खिडकीतून ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते तेही टिपून ठेव. आणि वहिनींच्या व काकूंच्या कोपराची जमिनीपासूनची उंची, घरात त्या जशा वावरतात तशाच उभ्या राहिल्या असताना, सेंटिमीटरमध्ये मोजून कळव; ओट्याचा आराखडा मी त्यानंतरच हातात घेईन.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि चिमुकलीला आशीर्वाद.

तुझा स्नेही