वस्तादांची वही

कोल्हापूर
रविवार, सकाळ

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला होता. दोन वर्षं रोज रील टाकतोयस, हजारो लोक बघतात, आणि या महिन्यात तुझ्या व्यायामाच्या कोचिंगला तिघंच आले, असं म्हणालास. तेव्हा मी घाईत होतो, धड उत्तर दिलं नाही. रात्रभर ते मनात राहिलं, म्हणून आज सगळं लिहून काढतोय.

आपल्या वस्तादांची ती लाल कापडी वही आठवते? तालमीत येणाऱ्या प्रत्येक पोराचं नाव तिच्यात असायचं. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाच्या घरी दूध परवडत नाही, सगळं लिहिलेलं. तीन दिवस पोरगा आला नाही की वस्ताद संध्याकाळी त्याच्या दारात उभे. आखाड्याभोवती कुस्ती बघायला शेकडो लोक जमायचे, पण त्यांची नावं वहीत नव्हती. तुझे फॉलोअर म्हणजे ती आखाड्याभोवतीची माणसं. तुझ्याकडे वही नाही, म्हणजे आपल्या माणसांची ईमेलची यादी नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

29 जून 2020 ला सरकारने 59 ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. खेड्यापाड्यातल्या कितीतरी पोरापोरींनी तिथे मोठा प्रेक्षकवर्ग जमवला होता. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय, पण त्यातल्या एकाही चाहत्याचा पत्ता त्यांच्या हातात उरला नाही. पुढे माझंही एका ॲपवरचं खातं अचानक बंद झालं. कारण आजतागायत कळलेलं नाही. त्या महिन्यात माझं घर चाललं ते ईमेलच्या यादीवर. यादीत तेव्हा जेमतेम चारशे नावं होती.

तू म्हणशील, आपल्याकडे ईमेल कोण वाचतो? सगळे व्हॉट्सॲपवर. हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि रोजची हजेरी, 'आज बैठका झाल्या का' हे मीही व्हॉट्सॲपवरच विचारतो. पण माझ्याकडे पैसे भरून शिकणारे कोण आहेत बघ. बँकेत काम करणाऱ्या ताई, पुण्यातले आयटीवाले, दुबईत नोकरी करणारं सांगलीचं जोडपं, न्यू जर्सीतल्या एक काकू. ही माणसं सकाळी चहाबरोबर मेल उघडतात. आपण झोपलेले असताना काकूंची संध्याकाळ असते. व्हॉट्सॲपवरचा मजकूर तासाभरात 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली गाडला जातो, मेल मात्र त्यांची वाट बघत थांबते.

आता माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो, ती तू करू नकोस. सुरुवातीला एका ओळखीच्या माणसाने मला एका धावण्याच्या स्पर्धेत नाव नोंदवलेल्यांची यादी दिली, हजारो पत्ते. मी हावरटासारखी सगळ्यांना मेल पाठवली. कित्येक पत्ते मेलेले होते, कित्येकांनी ती स्पॅममध्ये टाकली, आणि मग माझ्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनाही माझ्या मेल मिळेनाशा झाल्या. डोमेनची, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाची, पत गेली की परत यायला महिने लागतात. शिवाय त्या लोकांनी मला कधी हो म्हटलंच नव्हतं. 2023 मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संमत झाला, त्याच्याही मुळाशी संमती आहे. पण कायदा नसता तरी ते चुकीचंच होतं. विचारल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायचं नाही, हे आपल्याला घरी शिकवलेलं आहे.

तांत्रिक भाग थोडक्यात उरकतो. फुकटच्या जीमेल पत्त्यावरून बॅचच्या मेल पाठवू नकोस, स्वतःचं डोमेन घे. त्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी लावून घे. मेल खरंच तुझ्याकडूनच आली, हे त्यांच्यावरून पटतं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे बंधनकारक केलं. तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या आत, म्हणजे हजारी तिघांच्या खाली ठेवावं लागतं. एका क्लिकवर नाव काढून टाकण्याची सोयही द्यावी लागते. जीमेलच्या लेखी मोठं प्रमाण म्हणजे दिवसाला पाच हजार मेल, तेवढ्या आपण कुठे पाठवतो, असं म्हणून सोडून देऊ नकोस, पहिल्या दिवसापासून पाळ. कुणी नाव काढलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, तो माणूस शांतपणे निघून गेला, तक्रार केली नाही. आणि मेल किती जणांनी उघडली हा आकडा मनावर घेऊ नकोस. 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये माणसाने मेल न वाचताही ती उघडल्याची नोंद होऊ शकते. मी फक्त उत्तरं मोजतो.

उत्तरांवरच माझा सगळा धंदा उभा आहे. नवीन माणूस यादीत आला की त्याला पहिली मेल पाच ओळींची जाते. त्यात विकायचं काहीच नसतं, एकच प्रश्न असतो: 'व्यायाम सुरू करताना तुमचं नेमकं कुठे अडतं? याच मेलला उत्तर द्या, मी स्वतः वाचतो.' आणि लोक लिहितात रे! एकींनी लिहिलं, पहाटे पाचला डबे, सातला सासूबाईंचं औषध, मग ऑफिस, रात्री अंगात त्राण नाही. एका दादांनी लिहिलं, जिममध्ये तरुण पोरं बघतात, लाज वाटते. त्यांचेच शब्द मी पुढच्या मेलचा विषय म्हणून वापरतो, अर्थात नाव न घेता आणि आधी विचारून. 'पहाटे पाचला डबे असतील तर व्यायाम कधी?' ही मेल मी लिहिलेल्या सगळ्या मेलपेक्षा जास्त जणांना भिडली.

यादीचे भाग पाडणं याला मी आधी विक्रीची क्लृप्ती समजायचो. एकदा सगळ्यांना सरसकट लिहिलं की सकाळी उपाशीपोटी झपझप चालायला जा. दोन दिवसांनी एका ताईंचं उत्तर आलं. त्या इन्सुलिन घेतात, चालताना हातपाय थरथरले, घाम फुटला, कशाबशा घरी आल्या. साखर खाली गेली होती. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. त्या दिवसापासून नाव नोंदवतानाच मी मधुमेह, गुडघे, बाळंतपण, रक्तदाब विचारतो आणि त्याप्रमाणे मेल वेगळ्या जातात. डॉक्टरांना विचारून या, हे स्पष्ट लिहितो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2023 मधल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे, दोस्ता. तुझ्याही यादीत ते असणारच.

रोज विकू नकोस. मी आठवड्याला एक मेल लिहितो, तीही शिकवणारी. प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. मग तिच्या ताटातलं मोजून दाखवायचं: सकाळचे कांदेपोहे, दुपारचं वरण, रात्रीचं पिठलं, कुठे एखादं अंडं, ज्यात सहाएक ग्रॅम. आपण कमी पडतोय हे तिचं तिलाच कळतं. श्रावणात उपासाच्या साबुदाण्याबद्दल लिहितो, गणपतीत मोदकाबद्दल, दिवाळीत फराळाबद्दल, आणि कुणालाही खाण्याबद्दल अपराधी वाटू देत नाही. वर्षातून चार वेळा नवीन बॅच उघडतो, तेव्हा तीन मेल जातात. तिन्हीत खाली एक दुवा असतो: 'ही बॅच नको, पण पत्रं येऊ देत.' तो दाबणाऱ्यांपैकी कितीतरी जण वर्षाने स्वतःहून आले.

तुझ्या त्या 'एकवीस दिवसांत दहा किलो'च्या पोस्टबद्दल बोलायचं टाळत होतो, पण लिहितोच. ती काढून टाक. तू पोटतिडकीने शिकवतोस हे मला ठाऊक आहे, बघणाऱ्याला त्या पोस्टवरून ते कळत नाही. पत्रात खोटं बोलणं तर फार जड जातं, कारण समोरचा उत्तर देतो.

आता असं कर. आत्तापर्यंत तुझ्याकडे शिकून गेलेल्या सगळ्यांना एकेक करून विचार, पत्र पाठवू का. जितके हो म्हणतील तितक्यांपासून सुरुवात कर, वीस का असेनात. पहिली मेल लिहिलीस की पाठवण्याआधी मला दाखव. पुढच्या महिन्यात इकडे येतोयस ना? गंगावेशला दूध कट्ट्यावर जाऊ. घरी आईपण तुझी आठवण काढते.

तुझा,
तालमीतला जोडीदार