सॅलॅमिसच्या किनाऱ्यावरून

पेरामा, रविवार रात्र

प्रिय विन्या,

दोन वर्षं तुला एक ओळ नाही. चुकलं माझं. तब्येत बरी आहे, पाठ अधूनमधून धरते, तेवढंच.

जहाज इथे ग्रीसमध्ये दुरुस्तीला लागलंय. समोरच सॅलॅमिस बेट. आज सुट्टी होती म्हणून फेरीबोटीने पलीकडे गेलो. पाव तास लागतो, थेट दाभोळ-धोपावे! काठावर उतरलो आणि पहिला तू आठवलास. नववीतलं भांडण, तू स्पार्टाच्या राजा लिओनिडासचा, मी अथेन्सच्या थेमिस्टोक्लीसचा. ‘गाव टाकून पळाला तो तुझा वीर’ म्हणायचास. आठवडाभर अबोला, आणि शेवटी माझ्या डब्यातली घावनं खाऊन तह!

लिओनिडासच्या थर्मोपिली खिंडीतल्या लढाईला कमी लेखत नाही रे. तिथे स्पार्टाच्या ३०० जणांबरोबर थेस्पिआचे ७०० जणही शेवटपर्यंत उभे राहिले, त्यांचं नाव तू कधी घेतलं नाहीस. पण खिंड पडली आणि पर्शियाचा राजा झर्क्सिस अथेन्सवर आला. इ.स.पू. ४८०. मग अख्खं शहर रिकामं करायचं ठरलं.

घर कोण सुखाने सोडतं? अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर देवीचा नाग होता म्हणे, महिन्याला त्याला मधाची पोळी ठेवायचे. त्या खेपेला पोळी तशीच राहिली. देवीच गेली म्हटल्यावर लोक निघाले. ट्रिझेन गावच्या लोकांनी आलेल्यांना रोज दोन ओबोल नाणी दिली, पोरांना हव्या त्या झाडाचं फळ तोडू दिलं, वर त्यांच्या मास्तरांचा पगारही भरला. झांथिपस नावाच्या अथेन्सवाल्याचा कुत्रा धन्याच्या जहाजाशेजारून पोहत या बेटापर्यंत आला आणि काठाला लागताच मेला. मी त्या पाण्याकडे बघत बराच वेळ बसलो.

थोडे मात्र हलले नाहीत. ‘लाकडी भिंत तारेल’ असा देवाचा कौल होता. त्यांनी अक्रोपोलिसला फळ्या ठोकल्या आणि आत बसले. थेमिस्टोक्लीस सांगत होता, लाकडी भिंत म्हणजे जहाजं. कौल एकच, अर्थ दोन. वर बसलेले मारले गेले.

आता आप्पांचं ऐक. पावसाळ्यात आपल्या घरामागच्या डोंगराला भेग गेली, तू पाहिलीच असशील. पाहणीला आलेल्यांनी वाडी सोडायला सांगितलं. आप्पांनी देवळात कौल लावला, ‘घर राखशील ना?’ उजवा पडला. झालं! आता कोणाचं ऐकत नाहीत. मी फोनवर बोललो तर म्हणाले, ‘तू समुद्रावर, तुला घर काय कळणार?’ रात्री पाऊस सुरू झाला की मला इथे झोप लागत नाही, आणि इथे तर पाऊसही नसतो. तिकडचा अंदाज मोबाईलवर बघत पडतो.

विन्या, तुझं ते ऐकतात. मारुतीच्या देवळाच्या जागेचं भांडण तूच मिटवलंस. त्यांना सांग, देव खोटा बोलला नाही. घर म्हणजे भिंती की आई आणि ते? अथेन्सवाल्यांनी शहर एकदा नाही, दोनदा सोडलं. याच अरुंद पाण्यात पर्शियन जहाजं एकमेकांवर आदळली, झर्क्सिस एगॅलिओच्या उतारावर बसून बघत राहिला. त्याच डोंगराच्या पायथ्याशी आमचं जहाज उभं आहे. पुढच्या वर्षी झर्क्सिसचा सेनापती मार्डोनियस आला तेव्हा अथेन्सवाले पुन्हा निघाले. ४७९ मध्ये प्लेटीआच्या लढाईत तो पडला, मग परत आले आणि जळलेल्या जागेवर पुन्हा घरं बांधली. पळालेली माणसं असं करत नाहीत.

तुझ्या शाळेतल्या बदलीचं काय झालं? वहिनींचा गुडघा? तनूच्या निकालाचं कळव, पेढे मी आल्यावर.

आप्पांकडे या शनिवारीच जा. जाताना आईसाठी तळ्यावरची चहापूड ने, ती सांगणार नाही पण संपलेली असेल. कौलाचं तू तुझ्या पद्धतीने मांड, माझं नाव नको.

तुझा,
बंड्या